परळच्या इस्पितळापासून गिरणीच्या दारापर्यंत

28 फेब्रुवारी 1941 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे उद्घाटन झाले. लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यांच्या पाठोपाठ सर दोराबजीही गेले आणि त्यांच्या ट्रस्टच्या पैशातून ही वास्तू उभी राहिली. सुरुवातीला तिथे 80 खाटा होत्या. शेजारी केईएम आणि वाडिया ही इस्पितळे आणि हाफकिन संस्था, तर चहूबाजूंना गिरण्यांची धुराडी. हिंदुस्थानात कॅन्सर फारसा होत नाही, तो पाश्चात्त्यांचा रोग आहे, असा समज त्या काळी डॉक्टरांमध्येही पक्का होता. हा समज खोटा ठरायला तीन वर्षेही लागली नाहीत. इस्पितळाच्या दारात जे रुग्ण येऊ लागले, त्यांतल्या कितीतरी जणांचे दुखणे तोंडात होते. कोणाच्या गालाच्या आत, कोणाच्या जिभेवर, कोणाच्या हिरडीच्या कडेला.

इस्पितळाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. पेशींचा अभ्यास करणारा हा माणूस सूक्ष्मदर्शकापाशी थांबला नाही. रुग्ण कुठला, काय खातो, काय चघळतो, काय ओढतो, हे सगळे तो नोंदवून ठेवी. मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीने आलेल्या 1,000 रुग्णांचा आढावा त्यांनी 1944 साली ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध केला. इस्पितळ सुरू होऊन तीन वर्षे झाली नाहीत तोच एका आजाराचे हजार रुग्ण! पुढच्या पन्नास-साठ वर्षांची गोष्ट या आकड्यापासून सुरू होते.

हे हजार जण का आजारी पडले, याचे उत्तर इस्पितळाच्या खिडकीतून दिसत होते. 1850च्या दशकात ताडदेवला कावसजी दावर यांची पहिली गिरणी उभी राहिली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, दादर या पट्ट्यात गिरण्यांचे एक शहरच वसले. त्यात राबायला माणसे आली ती मुख्यतः रत्नागिरीकडून आणि घाटावरून, सातारा-पुण्याकडून. बायकामुले गावाला, आणि इथे दहा बाय बाराच्या गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे पुरुष. एकाची पाळी सुटायची तेव्हा दुसऱ्याची लागायची, वळकटी तेवढी बदलायची. जेवण खानावळीतले. कापसाची किटाळे नाकातोंडात, मागखात्यात कानठळ्या बसवणारा आवाज, आणि रात्रपाळीला पहाटे तीनच्या सुमारास डोळ्यांवर येणारी झापड.

अशा ठिकाणी तंबाखू ही चैन नव्हती. ती कामाचाच एक भाग झाली होती. खात्यात बिडी पेटवणे म्हणजे कापसाला आग लावणे. धूम्रपानासाठी बाहेर जायचे तर मुकादमाची नजर आणि वेळेचा खाडा. चिमूटभर तंबाखू मात्र तळहातावर चुन्याबरोबर मळली आणि ओठामागे किंवा गालात दाबली की दोन्ही हात मागाला मोकळे. भूक मरते, झोप उडते, तोंडाला चव येते, आणि पैसे लागतात अगदी किरकोळ. तंबाखू मळताना शेजारच्याला चिमूट देणे ही ओळखीची आणि आपलेपणाची रीत झाली. नव्याने गावाहून आलेल्या पोराला पहिली चिमूट बहुधा गाववाल्याकडूनच मिळे. या सवयीबद्दल बोलताना कामगारांना बेजबाबदार ठरवणाऱ्यांनी रात्रपाळीचे ते खाते एकदा डोळ्यांसमोर आणावे, असे मला मनापासून वाटते.

बायकांची गोष्ट वेगळी आणि अधिक झाकलेली. त्यांनी बिडी ओढलेली समाजाला चालत नसे, पण मशेरी चाले. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून तिची पूड करायची आणि सकाळी बोटाने दातांना लावून बसायचे. दात घासण्याच्या नावाखाली सुरू झालेली ही गोष्ट दिवसातून तीनतीन-चारचारदा होई. सासूकडून सुनेकडे, आईकडून मुलीकडे ती गेली. हे व्यसन आहे असे घरात कोणी म्हणतच नव्हते, त्यामुळे ते सोडायचाही प्रश्न कधी निघाला नाही.

लंडनमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध 1950 साली दाखवला. तो शोध जगभर गाजला. पाचच वर्षांनी, 1955मध्ये, तो छापणाऱ्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्येच परळहून गेलेला एक लेख छापून आला. लेखक होते एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर. टाटा इस्पितळातल्या रुग्णांची आणि कॅन्सर नसलेल्या माणसांची सवयींबाबत तुलना करून त्यांनी दाखवून दिले, की तंबाखू चघळणाऱ्यांना तोंडाचा कॅन्सर, तर ओढणाऱ्यांना जिभेच्या मुळाशी आणि घशात खोलवर होणारा कॅन्सर अधिक होतो, आणि जे दोन्ही करतात त्यांचा धोका सर्वांत जास्त. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानावरचा प्रसिद्ध अहवाल यायला अजून नऊ वर्षे होती. परळला उत्तर सापडले होते.

ते उत्तर इस्पितळाच्या कुंपणाबाहेर, समोरच्या चाळीत पोचायला किती काळ लागला, हे पाहिले की मन खिन्न होते.

पुढच्या वीस वर्षांत मुंबईत या विषयावर जे संशोधन झाले, ते जगात कुठेही झाले नसेल इतके कसून झाले. डॉ. दाराब जस्सावाला यांनी 1951मध्ये नवल टाटांच्या साथीने इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली होती. तिच्या वतीने 1963 साली मुंबईत कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शहरातल्या प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद ठेवणारी ही देशातली पहिलीच व्यवस्था. डॉ. फली मेहता या दंतवैद्याने मुंबईच्या पोलिसांची तोंडे तपासली आणि दहा वर्षांनी पुन्हा तपासली. तंबाखूची सवय आणि तोंडातला पांढरा चट्टा यांचे नाते त्यातून स्पष्ट झाले. हा चट्टा दुखत नाही, म्हणून माणूस त्याकडे दुर्लक्ष करतो. त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. मेहतांचा विभाग 1966मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आला. अणू आणि विश्वकिरणांचा अभ्यास जिथे चाले, तिथेच माणसांच्या तोंडाचाही अभ्यास सुरू झाला. त्यांच्या पथकाने पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 गावकऱ्यांची तोंडे तपासली. त्याचा अहवाल 1972मध्ये प्रसिद्ध झाला. इतकी माणसे, एकेकाला ‘आ कर’ म्हणत, उजेडात उभी करून पाहणे म्हणजे काय कष्ट असतील!

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो याच चमूचा पुढचा प्रयोग. केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या तीन जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या सुमारे 36,000 जणांना त्यांनी गाठले. दरवर्षी तोंड तपासायचे आणि तंबाखू सोडायचा सल्ला समोर बसून द्यायचा. जोडीला चित्रफिती, भित्तिपत्रके आणि लोकनाट्येही. ‘लॅन्सेट’मध्ये 1986 साली आलेल्या निष्कर्षांनुसार अनेकांनी सवय सोडली किंवा कमी केली, आणि सोडणाऱ्यांत चट्ट्यांचे प्रमाण घटले. सांगून लोक ऐकत नाहीत, ही सबब त्या दिवशी निकालात निघायला हवी होती. माणसाने माणसाला, पुन्हा पुन्हा, दोष न देता सांगितले तर तो ऐकतो. पण हे काम प्रयोग म्हणून झाले. सरकारने ते आपले म्हणून हाती घेतले नाही.

सरकार तेव्हा काय करत होते? 1975मध्ये केंद्राने कायदा केला तो फक्त सिगारेटींसाठी. पाकिटावर इशारा छापणे सक्तीचे झाले. लालबागचा कामगार जी बिडी ओढत होता आणि जी तंबाखू मळत होता, त्यांना हा कायदा लागू नव्हता. म्हणजे ज्या रुग्णांवरून परळने शोध लावला, त्यांनाच इशाऱ्यातून वगळले गेले. यामागे केवळ दुर्लक्ष नव्हते. बिडीवर लाखो बायकांची चूल पेटत होती आणि तंबाखूवर सीमाभागातला शेतकरी जगत होता. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी 1981च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी महामार्गावर ठाण मांडले. त्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. तंबाखूच्या प्रश्नाला हात घालायला कोणताही पक्ष धजावणार नव्हता. शेतकऱ्याला आणि बिडी कामगाराला दुसरे पीक, दुसरे काम देण्याची योजना हवी होती. ती कोणी आखली नाही आणि कामगाराचे तोंड मात्र सडत राहिले.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. एकेक भोंगा कायमचा बंद होत गेला. बापाची नोकरी गेली आणि मुलाला ती लागायची शक्यताही संपली. याच दशकात बाजारात गुटख्याची पुडी आली. सुपारी, कात, चुना, तंबाखू आणि सुगंध, सगळे एका छोट्या पुडीत तयार. मळायला नको, चुन्याची डबी नको, तोंडाला उग्र वास नाही. पानाच्या टपरीवर माळेसारख्या पुड्या लटकू लागल्या, आणि त्यांची किंमत शाळकरी पोराच्या खिशाला परवडेल एवढी. मोठ्या पुरस्कार सोहळ्यांना आणि सामन्यांना या कंपन्यांची नावे लागली. तंबाखू हे आजोबांचे व्यसन होते, गुटखा ही नातवाची फॅशन झाली.

याचा परिणाम डॉक्टरांना दहा वर्षांत दिसला. विशी-पंचविशीतली मुले येऊ लागली, ज्यांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हते. गालाच्या आतले अस्तर आकसून ताठर होते, तिखट सोसत नाही, घास जात नाही. हा आजार पूर्वी प्रौढांत दिसे. तो तरुणांत साथीसारखा पसरतो आहे, असा इशारा डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998मध्ये दिला. मूळचे संख्याशास्त्रज्ञ असलेले गुप्ता मेहतांच्या चमूतच घडले होते.

त्याच गुप्तांनी 1991पासून मुंबई शहरात, म्हणजे कुलाबा-गिरगावपासून दादर-माहीमपर्यंतच्या जुन्या मुंबईत, एक प्रचंड पाहणी सुरू केली. मतदारयाद्या हाती घेऊन तपासनीस घरोघर गेले. हातात मावणारे संगणक तेव्हा नवलाचे होते. त्यांवर जागच्या जागी उत्तरे नोंदवली गेली. 35 वर्षांवरच्या सुमारे 1,48,000 माणसांची नोंद झाली. पहिल्या लाखभर लोकांचे निष्कर्ष 1996मध्ये आले तेव्हा कळले, की 69 टक्के पुरुष आणि 57 टक्के बायका कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होत्या. बायकांत धूर जवळजवळ नव्हताच. होती ती मुख्यतः मशेरी. परळच्याच कॅन्सर संशोधन संस्थेत डॉ. सुमती भिडे आणि सहकाऱ्यांनी मशेरी कॅन्सरकारक असल्याचे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून 1988मध्ये दाखवले होते. पुढे 2004 साली मुंबईतल्या 1,217 गरोदर बायकांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. तंबाखू-मशेरी घेणाऱ्या आईचे बाळ सरासरी 105 ग्रॅमने हलके जन्मते. घराघरांत निरुपद्रवी मानलेली ती काळी पूड पोटातल्या लेकरापर्यंत पोचत होती.

तोवर इस्पितळाबाहेरच्या फुटपाथवर गावोगावचे रुग्ण पथारी टाकून राहत होते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने त्यांतल्या शेकडो जणांना आसरा दिला. गाडगेबाबांनी हयातभर खराटा हातात घेऊन गावाला व्यसनांविरुद्ध झोडपले आणि त्यांच्या नावाची ही वास्तू व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्यांचेही घर झाली.

बदलाला वेग आला तो शतक बदलताना. दक्षिण मुंबईचे खासदार राहिलेले मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. 2 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयाने इस्पितळे, शाळा, वाचनालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनांत धूम्रपानाला बंदी घातली. त्याआधी शेजारच्या गोव्यात कॅन्सर शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांच्या चळवळीमुळे 1997चा धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्धचा कायदा झाला होता. महाराष्ट्राने 1 ऑगस्ट 2002पासून गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. 2003मध्ये केंद्राचा सर्व तंबाखूजन्य पदार्थांना लागू होणारा कायदा आला. अठरा वर्षांखालच्यांना विक्री बंद, शाळेपासून शंभर यार्डांत विक्री बंद. 1975मध्ये राहिलेली गोष्ट 28 वर्षांनी झाली. पण 2 ऑगस्ट 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याची गुटखाबंदी रद्द केली. राज्याला एवढा अधिकार त्या कायद्याने दिलेला नाही, हे कारण. पुड्या पुन्हा उघडपणे लटकल्या.

बंदी हरली, पण त्याच काळात वर्गांमध्ये एक वेगळे काम उभे राहत होते. 2002मध्ये पद्मिनी सेखसरिया यांनी सलाम बॉम्बे फाउंडेशन सुरू केले. मुंबईतल्या महापालिका आणि गरीब वस्त्यांतल्या शाळा हे त्याचे क्षेत्र. तिथल्या मुलांना फुप्फुसाचे भीतिदायक चित्र दाखवून हे लोक निघून गेले नाहीत. दोन-तीन वर्षे त्यांच्याबरोबर राहिले. मित्राने पुडी पुढे केली तर नाही कसे म्हणायचे, घरी वडील तंबाखू मागवतात तेव्हा काय बोलायचे, कंपन्या आपल्याला कशा भुलवतात, हे खेळांतून, पथनाट्यांतून शिकवले. मुलांनीच शाळेभोवतीच्या टपऱ्या हेरल्या, निवेदने दिली. 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या शाळांतल्या आठवी-नववीच्या मुलांची इतर शाळांतल्या मुलांशी तुलना झाली. मागच्या तीस दिवसांत तंबाखू घेतल्याचे सांगणारी मुले इतर शाळांत 8.7 टक्के होती, या शाळांत 4.1 टक्के. कुलाब्याच्या चमूने खेड्यांत सिद्ध केलेली गोष्ट वीसपंचवीस वर्षांनी शहराच्या वर्गात पुन्हा सिद्ध झाली. ही मुले घरी जाऊन आईची मशेरीची डबी लपवणारी, बापाला ‘नको ना’ म्हणणारी. माझ्या मते या साऱ्या इतिहासात गिरणगावच्या घराचा उंबरठा ओलांडणारा पहिला निरोप त्यांनीच नेला.

दुसरा निरोप नेला रुग्णांनी. टाटा इस्पितळातले शल्यविशारद डॉ. पंकज चतुर्वेदी यांनी आपल्या रुग्णांना बोलते केले. जबडा गमावलेली, गाल शिवलेली माणसे मंत्र्यांसमोर, पत्रकारांसमोर उभी राहिली. अहवाल बाजूला ठेवता येतो, असा चेहरा ठेवता येत नाही. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर एकेकाळी दिसणारा चोवीस वर्षांचा तरुणही टाटाच्याच वॉर्डातला, गुटख्याने गेलेला. राजकारणातूनही कबुली आली. 2004मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेले शरद पवार आपल्या या सवयीबद्दल जाहीरपणे बोलू लागले.

अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याखाली 2011मध्ये नियम आले. अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन चालणार नाही, असे त्यांत म्हटले होते. या आधारावर आधी मध्य प्रदेशाने, मग केरळने आणि जुलै 2012मध्ये महाराष्ट्राने गुटखाबंदी केली. पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री होते, अन्न व औषध प्रशासनाची धुरा महेश झगडे यांच्याकडे होती. महाराष्ट्राने गुटख्याबरोबर पानमसालाही बंद केला आणि ही बंदी दरवर्षी पुढे चालू ठेवली. 2015मध्ये शाळा तंबाखूमुक्त करण्यासाठी राज्याने निकष ठरवून दिले. त्याच वर्षी, 16 फेब्रुवारीला, आर. आर. आबा पाटील तोंडाच्या कॅन्सरने गेले. वय अवघे 57. ग्रामस्वच्छता अभियान आणि तंटामुक्त गाव घडवणारा, खेड्यातल्या माणसाला आपला वाटणारा हा नेता होता. त्या दिवशी तासगावपासून लालबागपर्यंत कित्येकांनी खिशातली पुडी काढून पाहिली असेल.

या सगळ्याचे फळ काय? देशव्यापी प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात तंबाखू घेणाऱ्या प्रौढांचे प्रमाण 2009-10मध्ये 31.4 टक्के होते. ते 2016-17मध्ये 26.6 टक्क्यांवर आले. ओढणारे केवळ 3.8 टक्के उरले, पण धूर न होणारी तंबाखू घेणारे तेव्हाही 24.4 टक्के होते. आपल्याकडचा खरा शत्रू धूर नाही, गालातली चिमूट आहे, हे परळने 1944मध्येच पाहिले होते. बंदीनंतर गुटखा चोरून येतो, पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकून टपरीवर एकत्र होतात, हे कोणत्याही स्टेशनबाहेर उघड्या डोळ्यांनी दिसते. कायद्याने पुडी महाग आणि लाजिरवाणी केली, एवढे मात्र नक्की.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने सरकारच्या साथीने 2016पासून ‘मुक्तिपथ’ हे व्यसनमुक्तीचे काम चालवले आहे. तिथल्या आदिवासी गावांत ग्रामसभा बसतात, तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि दारू गावात विकायची नाही असे स्वतः ठरवतात. बाहेरून आलेला हुकूम नव्हे, गावाचा स्वतःचा निर्णय. दादर-लालबागच्या चाळींत मंडळे आहेत, गणेशोत्सवाचे कार्यकर्ते आहेत, महिला मंडळे आहेत. त्यांनी आपल्या चाळीपुरता असा ठराव करायला कुठलाच कायदा आड येत नाही.

1955 ते 2012 ही 57 वर्षे शोध आणि टिकलेली बंदी यांच्यामध्ये गेली. या काळात गेलेल्या माणसांची मोजदाद परळच्या नोंदवह्यांत आहे. ज्यांच्या घरी आजही मशेरीची डबी किंवा पुडी आहे, त्यांनी 1800-11-2356 या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर सोडायचे कसे ते विचारावे. आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दुखायची वाट न पाहता जवळच्या दंतवैद्याला किंवा सरकारी रुग्णालयात दाखवावे.